लग्नाच्या अक्षतांना येऊ द्या, गड्ड्याच्या नको

जुळे सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देत आहोत. (गड्डा म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा.)

"माझा मुलगा सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडला एमएससीसाठी गेला. कोर्स २५ सप्टेंबर २०२६ ला संपतो, स्टुडंट व्हिसा २५ जानेवारी २०२७ पर्यंत आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुतणीचं लग्न आहे. तो लग्नाला येईल आणि गड्डा करूनच परत जाईल असं घरात ठरलंय. इथला एक एजंट म्हणतो, मुलाला बोलावून घ्या, पुढचा दोन वर्षांचा व्हिसा सोलापुरातूनच लावू. त्याचे ७५ हजार, शिवाय खात्यात १० लाख दाखवायचे. नोकरी अजून हातात नाही. नोकरीशिवाय व्हिसा मिळतो का? दोन वर्षं नक्की मिळतात ना? घरावर कर्ज आहे म्हणून विचारते. त्याच्या मित्राला राज्य सरकारची शिष्यवृत्ती आहे, त्याचे नियम वेगळे असतात का? आणि आलाच आहे तर दोन-चार मुली बघून घ्याव्यात असं यांचं म्हणणं आहे. लग्न करून सूनबाईला लगेच नेता येईल का?"

ताई, आधी एजंटचं. तो सांगतोय ते होऊच शकत नाही. हा दोन वर्षांचा व्हिसा म्हणजे ग्रॅज्युएट व्हिसा, शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम करण्यासाठीचा. त्याचा अर्ज यूकेच्या बाहेरून करता येत नाही. सोलापुरातून नाही, मुंबईतून नाही, दिल्लीतूनही नाही. अर्ज भरून फी देण्याच्या दिवशी मुलगा यूकेमध्ये हजर हवा आणि त्याचा स्टुडंट व्हिसा चालू हवा. एजंटच्या शब्दावर तो गड्ड्याला थांबला आणि इथेच २५ जानेवारी उलटली, तर या पदवीवरचा हा व्हिसा गेला. तो मिळवण्याचा दुसरा दरवाजा नाही.

आता लग्न आणि गड्डा. लग्नाला तो येऊ शकतो. गड्ड्याला नाही. दोन्हींच्या मध्ये एक तारीख उभी आहे, ३१ डिसेंबर २०२६, आणि सगळा हिशेब त्या तारखेभोवतीच फिरतो.

ग्रॅज्युएट व्हिसा १ जुलै २०२१ ला सुरू झाला, तेव्हापासून पदवी आणि मास्टर्सवाल्यांना २ वर्षं मिळत आली. आता ही मुदत कमी होते आहे. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज केला तर २ वर्षं, १ जानेवारी २०२७ ला किंवा नंतर केला तर १८ महिने. पीएचडीवाल्यांची ३ वर्षं तशीच आहेत. म्हणजे "दोन वर्षं नक्की ना" याचं उत्तर तुमच्या मुलाच्या अर्जाच्या तारखेत आहे. कोर्स कधी सुरू झाला, निकाल कधी लागला, पदवीदान कधी झालं, यातलं काहीही इथे मोजत नाहीत. ऑनलाइन अर्ज पूर्ण करून पैसे भरले तो दिवस म्हणजे अर्जाची तारीख. बोटांचे ठसे वगैरे नंतर झाले तरी चालतात. मुदत मात्र अर्जाच्या दिवसापासून धावत नाही, व्हिसा मंजूर होतो त्या दिवसापासून धावते.

मग कोर्स संपला की सप्टेंबरातच अर्ज का करू नये? नेमकं इथेच बरीच मुलं चुकतात. कोर्स संपणं आणि कोर्स यशस्वीपणे पूर्ण झाला असं विद्यापीठाने होम ऑफिसला (ब्रिटिश गृह खात्याला) कळवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्हिसा दुसरीवर मिळतो. प्रबंध सप्टेंबरमध्ये दिला की तपासणी होते, बाहेरचे परीक्षक पाहतात, मग परीक्षा मंडळाची बैठक होते. ती बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरमध्ये असते. त्यानंतर विद्यापीठाचं व्हिसा कार्यालय एकेका विद्यार्थ्याचं नाव होम ऑफिसच्या यंत्रणेत चढवतं आणि मुलाला ईमेल जातो. हा ईमेल आला की अर्ज करायचा. आधी नाही. विद्यापीठाने कळवलेलं नसताना अर्ज केला तर तो नाकारला जातो. आरोग्य अधिभाराचे (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी अर्जासोबत भरायचे) पैसे परत येतात, पण अर्जाची फी बुडते, आणि पुढच्या व्हिसा अर्जांत "याआधी कधी नकार मिळाला का" या रकान्यात ते लिहावं लागतं. पदवीदान समारंभाची किंवा छापील प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज मात्र नाही.

म्हणून मुलाने आजच दोन तारखा विचारून घ्याव्यात. त्याच्या विभागाची परीक्षा मंडळाची बैठक कधी आहे, आणि बैठकीनंतर किती दिवसांत व्हिसा कार्यालय नाव कळवतं? ही माहिती विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्ला विभाग देतो, फुकट देतो, आणि ७५ हजारवाल्यापेक्षा बरोबर देतो.

समजा बैठक नोव्हेंबरच्या मध्यावर आहे आणि नाव महिनाअखेर कळवलं जातं. मग मुलगा लग्नाला येतो तेव्हा त्याच्या हातात स्टुडंट व्हिसा आहे, नवा अर्ज केलेला नाही. असा प्रवास करता येतो. विमानतळावर अधिकारी विचारू शकतो की कोर्स तर संपला, मग परत कशाला आलास. त्यासाठी निकालाचं पत्र किंवा "निकालाची प्रतीक्षा आहे" असं विद्यापीठाचं पत्र आणि ई-व्हिसाची प्रत हातातल्या बॅगेत ठेवायची. लग्न उरकलं की १० डिसेंबरच्या आत तो परत पोहोचावा. हा दिवस कुठल्या नियमात नाही, आम्ही सुचवतो आहोत. नाताळच्या आसपास ब्रिटिश विद्यापीठांची कार्यालयं बंद होतात, ती नव्या वर्षातच उघडतात. नाव चढायचं राहिलं असेल, काही चुकलं असेल, तर ते दुरुस्त करायला माणूस त्याआधीचेच दोन आठवडे भेटतो. विमान चुकलं, ताप आला, पासपोर्ट हरवला, यालाही थोडी जागा राहते.

दुसरी चूक याच्या उलटी आहे. नोव्हेंबरअखेर नाव कळवलं गेलं, मुलाने लगेच अर्ज केला आणि "अर्ज तर टाकलाय" म्हणून विमानात बसला. अर्ज केल्यावर निर्णय येईपर्यंत यूके सोडलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. (आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनेल बेटं एवढीच यातून सुटतात. सोलापूर त्यात बसत नाही.) निर्णयाला साधारण ८ आठवड्यांपर्यंत लागतात. म्हणजे डिसेंबरच्या मध्यात अर्ज केला तर गड्डा संपून जाईपर्यंतही तो अडकलेला असू शकतो. म्हणून क्रम असा: आधी लग्न, मग परत जाणं, मग अर्ज, मग निर्णय येईपर्यंत तिथेच मुक्काम. गड्ड्यातल्या संमती कट्ट्यावरच्या अक्षता या वर्षी त्याने मोबाइलवर पाहाव्यात. आणि परीक्षा मंडळाची बैठकच डिसेंबरमध्ये असेल, तर लग्नाचाही पुन्हा विचार करा. त्यापेक्षा कोर्स संपल्यावर नवरात्र-दसऱ्याला किंवा ८ नोव्हेंबरच्या दिवाळीला तो निवांत येऊन जाऊ शकतो. त्या काळात त्याच्या हातात नाही तरी फक्त वाट पाहणं असतं.

३१ डिसेंबरपर्यंत नाव कळवलं गेलंच नाही तर? घाबरून अर्ज करू नये. २५ जानेवारीपर्यंत वेळ आहे. नाव चढल्यावर त्या मुदतीत अर्ज केला की १८ महिने मिळतात. ६ महिन्यांचं नुकसान आहे, पण नकारापेक्षा परवडलं. अर्ज वेळेत गेला असेल आणि निर्णय येण्याआधी २५ जानेवारी उलटली, तर तो बेकायदा ठरत नाही. निर्णयापर्यंत जुन्याच अटींवर त्याचा मुक्काम कायदेशीर राहतो.

नाव का अडकतं, हेही पाहून ठेवा, कारण यातलं एक कारण तुमच्या हातातलं आहे. ट्यूशन फीचा शेवटचा हप्ता थकला असेल तर विद्यापीठं निकाल रोखतात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता बँकेकडून सुटायला आपल्याकडे वेळ लागतो. शाखा व्यवस्थापक रजेवर, विद्यापीठाचं फीचं पत्र जुनं, मूळ कागदांपैकी एक कमी, असं काहीतरी निघतं. विद्यापीठाच्या खात्यावर किती बाकी दिसते ते मुलाकडून आजच पाहून घ्या आणि बाकी असेल तर ऑगस्टमध्येच बँकेत अर्ज द्या. दुसरं कारण म्हणजे एखादा विषय राहणं किंवा प्रबंध पुन्हा द्यायला लागणं. मग निकाल पुढच्या बैठकीवर जातो आणि ती २५ जानेवारीनंतर असू शकते. अशा वेळी स्टुडंट व्हिसा वाढवून मिळेल की नाही हे विद्यापीठ नवा प्रवेश क्रमांक (सीएएस) देतं का यावर ठरतं. नुसता प्रबंध सुधारून द्यायचा असेल तर काही विद्यापीठं तो देत नाहीत. तिसरं कारण अलीकडे वाढलंय: चॅटजीपीटीकडून प्रबंध लिहून घेतल्याचा संशय. चौकशी लागली की निकाल महिनोन्‌महिने लटकतो, मग मुलगा निर्दोष का सुटेना. त्याने प्रबंधाचे कच्चे मसुदे तारखांसह जपून ठेवावेत.

पैशांचं पाहू. अर्जाची फी एप्रिल २०२५ मध्ये ८८० पौंड झाली. ही फी बहुधा एप्रिलात वाढते, म्हणून हाताशी थोडे जास्तच ठेवा. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळ्या मुदतीचा एकदम. २ वर्षांचे २,०७०. १८ महिन्यांचे १,५५२.५०, कारण उरलेल्या ६ महिन्यांना अर्धाच लागतो. ८८० ची फी धरली तर २ वर्षांच्या व्हिसाचे मिळून २,९५० पौंड झाले. पौंड १२० रुपये धरला तर साडेतीन लाखांच्या थोडं वर. मुलगा सहा महिन्यांत कंटाळून परत आला तरी यातलं काही परत मिळत नाही. तेव्हा तिथे खरंच थांबायचं आहे का, हे त्याला या खर्चाआधी एकदा सरळ विचारा.

ही रक्कम नोव्हेंबरअखेर त्याच्या तिथल्या खात्यात हवी. इथल्या डेबिट कार्डवर परदेशी व्यवहार बंद असतो किंवा मर्यादा कमी असते, आणि शेवटच्या रात्री अधिभाराच्या पानावर कार्ड नाकारलं गेलं की अर्ज अपुरा राहतो. पैसे बँकेतूनच पाठवा, पॅन आणि परदेशी रक्कम पाठवण्याचा फॉर्म देऊन. कुणाच्या "तिकडच्या खात्यातून" वळवून नको.

खात्यात १० लाख दाखवायची गरज नाही. पैसे दाखवण्याची अट स्टुडंट व्हिसाला होती, ती तुम्ही पार केली आहे. ग्रॅज्युएट व्हिसाला ती अट नाही. इंग्रजीची परीक्षा नाही, क्षयरोगाची तपासणी नाही, पोलीस दाखला नाही, नोकरीचं पत्र नाही. लागतं ते इतकंच: पासपोर्ट, ई-व्हिसा, आणि स्टुडंट व्हिसाच्या वेळी विद्यापीठाने दिलेला सीएएस क्रमांक, तोच जुना. ओळख ॲपवरून पटवायची की केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, हे अर्ज भरताना कळतं. अर्ज स्वतः भरला तर दीड-दोन तासांचं काम आहे. एजंट ७५ हजार नेमके कशाचे घेणार होता ते त्यालाच विचारा. यूकेमध्ये नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे. सोलापुरात बसून तो त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, म्हणून त्याची जीभ सैल आहे.

अर्ज नाकारला जाण्याचं एक कारण मुलं आईवडिलांना सांगत नाहीत: जास्त तासांचं काम. मास्टर्सवाल्यांना वाटतं, जून ते सप्टेंबर उन्हाळ्याची सुट्टी. त्यांना ती सुट्टी नसते. प्रबंधाचे महिनेही सत्राचाच भाग धरतात आणि आठवड्याला २० तासांची मर्यादा कोर्सच्या शेवटच्या तारखेपर्यंत चालते. आठवडा सोमवार ते रविवार, आणि सरासरी काढायची नसते. एका आठवड्यात २६ तास आणि पुढच्यात १२ हे चालत नाही. पगाराची पावती कर खात्याकडे जाते, तिथून तास उघडे पडतात. तुमच्या मुलाला २५ सप्टेंबरनंतर पूर्ण वेळ काम करता येतं, पण कायमस्वरूपी पूर्ण वेळ जागेवर रुजू व्हायचं असेल तर कोर्स यशस्वी झालेला हवा आणि ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज वेळेत गेलेला हवा. त्यानंतर निर्णयाची वाट न पाहता रुजू होता येतं. स्वतःचा धंदा, फ्रीलान्स बिल फाडणं, हे मात्र व्हिसा मंजूर झाल्यावरच.

मंजूर झाल्यावर जवळपास कोणतंही काम चालतं, गोदामात, दुकानात, कार्यालयात. नोकरी नसली तरी व्हिसा रद्द होत नाही. पण हा व्हिसा वाढत नाही आणि आयुष्यात एकदाच मिळतो. पुढे पीएचडी केली तरी पुन्हा नाही. म्हणून गोदामाच्या पगारावर दोन वर्षं काढून शेवटच्या तीन महिन्यांत खरी नोकरी शोधायला लागणं, ही या व्हिसाची सगळ्यात महाग चूक आहे. तिसऱ्या वर्षीही तिथे राहायचं असेल तर स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो, म्हणजे कंपनीने प्रायोजित केलेल्या नोकरीवर मिळणारा. २२ जुलै २०२५ पासून त्यासाठी पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना सवलत आहे: ३३,४०० पौंड, किंवा त्या कामाच्या ठरवून दिलेल्या दराच्या ७० टक्के, यातलं जे जास्त असेल ते. ग्रॅज्युएट व्हिसावरून जाणारा या सवलतीत बसतो, पण सवलतीची एकूण मुदत ४ वर्षं आहे आणि ग्रॅज्युएट व्हिसाची वर्षं त्यातच मोजतात. दोन वर्षं इकडे गेली की सवलतीची दोनच उरली.

काम बहुतेक पदवीच्या पातळीचं लागतं, आणि ते पदाच्या नावावर ठरत नाही, कामाच्या चार अंकी कोडवर ठरतं. "ॲनालिस्ट" एकाच नावाच्या दोन जागा, एक चालते, एक नाही. मुलाखतीतच कोड विचारावा. कंपनीकडे प्रायोजकाचा, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसावर कामाला ठेवण्याचा, परवाना हवा. परवानाधारकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर उघडी आहे, अर्ज टाकण्याआधी नाव त्यात शोधावं. एक बारकावा नोकरी देणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतो. स्टुडंट व्हिसावरून यूकेमध्येच थेट स्किल्ड वर्करला गेलेल्या मुलामागे कंपनीला कौशल्य आकार (परदेशी कर्मचाऱ्यामागे सरकारला द्यायची रक्कम) भरावा लागत नाही, ग्रॅज्युएटवरून गेलेल्यामागे भरावा लागतो. म्हणून डिसेंबरच्या आत चांगल्या कंपनीची जागा मिळाली तर ग्रॅज्युएट व्हिसा न घेता थेट उडी मारणं दोघांनाही स्वस्त पडू शकतं, आणि ग्रॅज्युएटची वर्षं कायम वास्तव्याच्या मोजणीत तशीही धरत नाहीत. प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र "१५ लाखांत मिळवून देतो" म्हणणारा भेटला तर तो फसवणूक करतोय. तो खर्च कंपनीने भरायचा असतो, उमेदवाराकडून वसूल करायचा नसतो.

मित्राच्या शिष्यवृत्तीचं विचारलंत ते बरं झालं. अर्जाआधीच्या १२ महिन्यांत एखाद्या सरकारने फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही दिला असेल, तर त्या सरकारचं लेखी संमतीपत्र अर्जासोबत लागतं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनेत दोन्ही खर्च येतात. संमतीपत्र समाजकल्याण आयुक्तालयाकडून, पुण्याहून आणावं लागेल, आणि सरकारी टेबलावरून कागद हलायला दिवस लागतात. शिवाय शिकून परत येण्याचं हमीपत्र त्याने भरून दिलं असेल तर त्यातली अट आधी वाचावी. त्याच्या घरच्यांना सांगा, अर्ज सप्टेंबरातच पुण्याला द्या. संमतीपत्राशिवाय ३१ डिसेंबर गाठून उपयोग नाही.

राहिला सूनबाईंचा प्रश्न. ग्रॅज्युएट व्हिसावर नव्याने बायको नेता येत नाही. आधीपासून स्टुडंट व्हिसावर आश्रित म्हणून सोबत असलेली बायको किंवा मूल यांनाच पुढे नेता येतं, आणि जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या मास्टर्सवाल्यांना आश्रित नेण्याची मुभाच नाही. म्हणजे डिसेंबरात लग्न लागलं तरी सून सोलापुरातच राहील. ती स्वतः शिकायला गेली, किंवा त्याला पुढे पदवीच्या पातळीच्या कामावर स्किल्ड वर्कर व्हिसा मिळाला, तरच एकत्र राहता येईल. मुली बघायच्या तर बघा. पण स्थळ बघायला गेल्यावर "मुलगा लगेच घेऊन जाईल" असं कुणी म्हटलं, तर तिथेच थांबवा आणि या व्हिसात तसं होत नाही हे मुलीच्या वडिलांना स्वतः सांगा.